ओळंबा खोटं बोलत नाही

आजची गोष्ट माझ्या घराच्या कुंपणापासून सुरू होते.

काही वर्षांपूर्वी बडोद्यात आम्ही कुंपणाची भिंत बांधायला घेतली. काम करणारे गवंडीकाका धुळ्याकडचे. एका दुपारी त्यांनी भिंतीला ओळंबा लावला, क्षणभर पाहिलं आणि सकाळी रचलेले चार थर उतरवायला सुरुवात केली. ठेकेदार ओरडला, "अहो, प्लास्टरमध्ये झाकलं जाईल की!" काका शांतपणे म्हणाले, "प्लास्टर दिसणं झाकतं. वजन कुठे झाकतं?"

त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. दोरीत ओवलेला लाकडी ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवायचा, खाली तेवढ्याच रुंदीचं लोखंडी वजन सोडायचं. वजन भिंतीला अलगद स्पर्शून थांबलं, तर भिंत उभ्या रेषेत आहे. मध्ये फट दिसली, तर माथा बाहेर आला आहे. वजन भिंतीवर रेलून बसलं, तर माथा आत गेला आहे. आमच्या भिंतीत बोटभर फट होती.

त्या फटीनेच मला या विषयाकडे ओढलं.

भिंत सरळ ठेवण्यासाठी गवंडी स्वतःच्या नजरेवर विसंबत नाही. तो दोनच साक्षीदार मानतो: पृथ्वीची ओढ आणि स्थिर पाणी. ओढ ओळंब्यातून बोलते, पाणी पाणसळीतून. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला येतं. मग आधी कोपरे उभे करायचे, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि प्रत्येक थर दोरीला धरून रचायचा. वीट दोरीला टेकू द्यायची नाही. टेकली की दोरी ढकलली जाते आणि पुढच्या सगळ्या विटा त्या चुकीच्या मागे जातात.

शब्दही पाहा. ओळंबा 'अवलंब'पासून आला, म्हणजे लोंबणं. गुजरातीत तो ओळंबो, हिंदीत साहुल. आपला 'सुतार' मूळचा 'सूत्रधार', दोरी धरणारा. शुल्बसूत्रांतलं 'शुल्ब' म्हणजेही दोरी. यज्ञवेदी विटांच्या असत, आणि एका थराचे सांधे वरच्या थराच्या सांध्यांवर येऊ नयेत असा तिथे नियम आहे. आजचा गवंडी त्यालाच सांधेमोड म्हणतो.

त्याहून मागे जाऊ. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सिंधू नगरांत विटेची जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण 1:2:4 होतं. साधारण 7, 14 आणि 28 सेंटिमीटर. हा आकड्यांचा शौक नव्हता. लांबी रुंदीच्या दुप्पट असली की एका थरात विटेची लांब बाजू दर्शनी, पुढच्या थरात आखूड बाजू, अशी रचना जमते. सांधे आपोआप मोडतात आणि कोपरे घट्ट गुंततात. विहिरींसाठी त्यांनी पाचरीच्या आकाराच्या विटा केल्या. बाहेरून माती जितकी दाबेल, तितकं ते गोल कडं आवळलं जाई.

मोहेंजोदडोचं महास्नानगृह सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद. तिथल्या विटा कडेवर उभ्या, जिप्समच्या चुन्यात बसवलेल्या. पण तळ पूर्ण सपाट नाही. पाणी निघून जावं म्हणून तो एका कोपऱ्याकडे उतरता आहे. हवा तेवढाच उतार देता यायला आधी सपाट म्हणजे काय, हे नेमकं कळावं लागतं.

आता दुःखाची बाजू. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्ग घालताना खडीसाठी हडप्पाच्या विटा उचलल्या गेल्या. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी नोंदवलंय की सुमारे शंभर मैलांच्या मार्गाला पुरतील इतक्या विटा तिथून गेल्या. इतक्या सारख्या आणि पक्क्या विटा कोणाच्या हातच्या, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही.

आजही तो आपल्याला क्वचितच पडतो. वाड्याच्या मालकाचं नाव आपण सांगतो, राजाचं सांगतो. थर उतरवून पुन्हा रचणाऱ्याचं नाव कुठल्याच कोनशिलेवर नसतं. त्या दिवशी काकांची अर्धी मजुरी ठेकेदाराने कापली. ती मी नंतर दिली; पण मला राहून राहून वाटतं, ती कापली जात असताना मी गप्प का उभा होतो?

भिंत आजही ओळंब्यात आहे. तुमच्या घराशेजारी बांधकाम चालू असेल, तर पाच मिनिटं थांबा आणि गवंड्याला ओळंबा लावून दाखवायला सांगा. आणि हो, जाताना त्याचं नाव विचारा.