बंदुकीचा बोर आणि बंदूकधाऱ्याचं नाव

आमच्या मालगुंडच्या बाजूला बंदूक म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती बागायतदाराच्या घरातली लाकडी दस्त्याची लांब नळी. कुणाकडे ठासणीची, कुणाकडे बारा बोरची. परवाना शेतीसंरक्षणाचा, शत्रू म्हणजे रानडुक्कर आणि माकड. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. रिव्हॉल्वर मात्र आम्ही पाहिलं ते सिनेमात, नाहीतर फौजदाराच्या कमरेला.

ते हातात घेण्याचा योग आला दक्षिण आफ्रिकेत. रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांकाठून गेलेली कोकणी मुस्लिम घरं केपटाउनमध्ये पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. त्यांतलाच माझा नात्यातला एक भाऊ मला शूटिंग रेंजवर घेऊन गेला. तिथे होतं .४४ मॅग्नम. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत आलेलं आणि १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ने जगभर गाजवलेलं हे काडतूस. शिकवणाऱ्याने कानांवर संरक्षक चढवले, चष्मा दिला आणि सहा घरांच्या चक्रीत एकच गोळी भरली. नवख्याच्या हातून धक्क्यासरशी दुसरी सुटू नये म्हणून ही खबरदारी.

चाप ओढला. आवाज कानांपेक्षा छातीत जास्त घुमला. नळी उसळून कपाळाच्या उंचीवर आली, तळहाताला झिणझिण्या आल्या. समोरच्या कागदाचा कोपरा फाटला होता. मधलं वर्तुळ सुखरूप होतं.

भाऊ मोबाईल काढून म्हणाला, “फोटो काढतो, उभा रहा.” मी नको म्हणालो. त्याला नवल वाटलं. आफ्रिकेत तो फोटो म्हणजे सहलीची आठवण. माझ्या नावासह तो आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला की त्याचा अर्थ काय होईल, हे मला माहीत होतं. हत्यार कोणतं, कुठे, कशासाठी, हे प्रश्न नंतर. आधी नाव वाचलं जातं.

नाव आधी वाचण्याची ही रीत आपल्याकडे एकेकाळी कायद्यातच होती.

१८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घेतली. पुढे व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे तेच रिव्हॉल्वर गोऱ्याच्या हातात असलं तर त्याची मालमत्ता आणि काळ्याच्या हातात असलं तर गुन्हा. हत्यार तेच, जन्म वेगळा.

त्याविरुद्ध आवाज उठला तो १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये. बिपिनचंद्र पाल या कायद्याविरुद्ध बोलले आणि तो बदलण्याची मागणी करणारा ठराव झाला. अध्यक्षस्थानी होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी, काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष. मागणीच्या मुळाशी प्रश्न होता तो भरवशाचा: या देशातल्या माणसावर राज्यकर्त्यांचा विश्वास आहे की नाही? वांशिक सूट रद्द व्हायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं.

१९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. पण डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तोच हक्क घटनेत आणायची दुरुस्ती सुचवली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की परकी सरकार हक्क नाकारत होतं तेव्हाची मागणी वेगळी. स्वतंत्र देशात हा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारालाही द्यावा लागेल. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यातलं, वडील फौजेतले सुभेदार. हातात हत्यार असण्याने येणारा मान आणि ते काढून घेतल्याने होणारा अपमान त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. तरीही त्यांनी नकार दिला.

मग १९५९ चा शस्त्रकायदा आणि १९६२ चे नियम आले. या नियमांत .३८० आणि .४५५ ची काडतुसं चालतील अशी रिव्हॉल्वर वरच्या, कडक वर्गात टाकली होती. मी झाडलेल्या .४४ मॅग्नमचं नाव त्या यादीत नव्हतं. वास्तविक इंग्रजी फौजेतल्या जुन्या वेब्ली रिव्हॉल्वरची .४५५ ची गोळी सेकंदाला दोनशे मीटरच्या आतच जाते; .४४ मॅग्नमची चारशेच्या पुढे, आणि तिचा जोर चौपटीहून अधिक. मग बंदी दुबळ्यावर का? कारण .४५५ हे फौजेचं काडतूस. भीती जोराची नव्हती, सरकारी दारूगोळा बाहेरच्या हत्यारात चालण्याची होती. १८५७ ची सावली इतकी लांब पडली आहे.

तरी एक मोठा फरक झाला. कोडगूच्या कोडवांना असलेल्या जुन्या सवलतीसारखे अपवाद सोडले, तर आजचा नियम बोर विचारतो, वंश विचारत नाही. मालगुंडच्या बागायतदाराचं नाव जोशी असो वा काझी, अर्जाचा नमुना एकच. मी त्या अर्जाच्या बाजूचा आहे, बाबासाहेबांच्या नकाराच्याही बाजूचा. बंदूक कमी हातांत असावी, हेच बरं. मागणं फक्त एवढंच की कायद्याने सोडलेली सवय आपण घरोघरी, मोबाईलमोबाईलवर सांभाळत बसू नये. तय्यबजींच्या अध्यक्षतेखाली विचारलेला भरवशाचा प्रश्न तेव्हा सरकारला होता. आज तो शेजाऱ्याला आहे.