ताऱ्यांचे रंग

ताऱ्यांचे रंग : पृष्ठभागाच्या तापमानानुसार ताऱ्याच्या प्रकाशाला येणारी लालसर ते निळसर छटा. रोजच्या बोलण्यात लाल रंग धगीचा आणि निळा गारव्याचा. ताऱ्यांत मात्र लाल तारे कमी तापलेले आणि निळे सर्वांत उष्ण असतात.

कारण : लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, आच वाढली की केशरी, मग पिवळे आणि शेवटी पांढरेफटक. तापलेली वस्तू अनेक तरंगलांब्यांचा प्रकाश एकाच वेळी देते. पण तापमान वाढते तसे सर्वाधिक तेज आखूड तरंगलांबीकडे, म्हणजे निळ्या बाजूला सरकते. हा नियम विल्हेल्म वीन यांनी १८९३ मध्ये मांडला.

उदाहरणे : हिवाळ्यातील रात्री मृग नक्षत्रात हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या एका बाजूला तांबूस काक्षी (सु. ३,५०० केल्विन), तर दुसऱ्या बाजूला निळसर पांढरा राजन्य (सु. १२,००० केल्विन) आहे. जवळची रोहिणी (सु. ३,९०० केल्विन) नारिंगी दिसते. सूर्याचे तापमान सु. ५,७७० केल्विन असून त्याचे सर्वाधिक तेज निळसर हिरव्या भागात असते. तरीही सगळे रंग मिसळून त्याचा प्रकाश पांढरा होतो. याच कारणाने कोणताही तारा हिरवा दिसत नाही.

वर्गीकरण : हार्व्हर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी वर्णपटांवरून ताऱ्यांचे ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असे उतरत्या तापमानाचे वर्ग लावले. सूर्य जी वर्गात येतो. या वर्गांमागील भौतिकी मेघनाद साहा यांच्या १९२० मधील आयनीभवन सिद्धांताने उलगडली. त्याच्याच आधारे सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवले, की वर्णपटांतील फरक मुख्यतः तापमानाचा आहे, घटकद्रव्यांचा नव्हे.

निरीक्षणातील अडचणी : मंद प्रकाशात डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत, म्हणून अंधुक तारे पांढरेच भासतात. क्षितिजाजवळचा व्याध क्षणात तांबडा, क्षणात निळा लुकलुकतो, तो वातावरणातील हालचालीमुळे. आंतरतारकीय धूळ निळा प्रकाश अधिक अडवते, त्यामुळे तिच्यामागचे तारे आहेत त्याहून लालसर दिसतात. धुळीचा हा परिणाम वजा केला, की दूरच्या ताऱ्याचे तापमान केवळ त्याच्या रंगावरून काढता येते.