काचेची रासायनिक ओळख आणि कोकणचा सागरी व्यापार

कोकण किनाऱ्याच्या प्राचीन व्यापाराविषयी लिहिताना परकीय भासणारी काचवस्तू ‘रोमन’ ठरविण्याची सवय आपल्याकडे दीर्घकाळ होती. तिला ग्रांथिक आधारही होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्ये भरुकच्छ व मुझिरिस येथे कच्ची काच आयात होत असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात सेमिल्ला, म्हणजे चौल, आणि त्याच्या दक्षिणेकडील बंदरांची नावे येतात. त्यांपैकी बहुतेकांची ओळख विवाद्य आहे. तेथे उल्लेखिलेली ‘सेसेक्रिएनाइ’ बेटे म्हणजे वेंगुर्ल्याजवळचे खडक, असे काही अभ्यासक मानतात. परंतु याच शतकातील प्लिनी भारतीय काच सर्वोत्कृष्ट असल्याचे सांगतो. एकाच काळात काच येतही होती आणि तिची ख्याती बाहेर जातही होती. अशा स्थितीत हाती आलेला मणी कोठला, हे ग्रंथ सांगू शकत नाहीत.

काचेची घडण मात्र ते सांगू शकते. वाळू, ती वितळविणारा क्षार आणि रंगद्रव्य या तिन्हींच्या खुणा तिच्यात टिकून राहतात. भूमध्यसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील वाळू व नॅट्रॉन यांपासून केलेल्या रोमन काचेत ॲल्युमिना साधारणतः 2 ते 3 टक्के असते. भारतीय सोडा-ॲल्युमिना काचेत ते बहुधा 5 टक्क्यांहून अधिक, कधी 10 टक्क्यांच्याही पुढे जाते, कारण येथील वाळूत फेल्डस्पार विपुल असे आणि क्षार म्हणून जमिनीवर फुलून येणारा पांढरा खार वापरला जाई.

महाराष्ट्रात या अभ्यासाची पायाभरणी जुनी आहे. कोल्हापूरच्या पंचगंगाकाठी ब्रह्मपुरी येथे 1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथील पोसायडनच्या कांस्यमूर्तीने लक्ष वेधून घेतले. बहमनी थरांतील काचेच्या बांगड्यांकडे तेवढे लक्ष गेले नाही. दीक्षितांनी मात्र काचेचा पाठपुरावा सोडला नाही आणि 1969 मध्ये त्यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पुढचे महत्त्वाचे पाऊल चौलच्या संदर्भात पडले. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी तेथे केलेल्या उत्खननातील मणी आणि केनियाच्या किनाऱ्यावरील मणी यांचे तुलनात्मक विश्लेषण लॉर द्युसुबिये, चापुरुखा कुसिंबा, गोगटे व सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केले. लेसरने नमुन्याचा अतिसूक्ष्म कण उडवून त्यातील अनेक मूलद्रव्ये एकाच वेळी मोजण्याची पद्धती त्यांनी वापरली. दोन्ही किनाऱ्यांवर युरेनियमचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक असलेली एकच जातीची काच आढळली. दक्षिण भारत व श्रीलंका येथील काचेत युरेनियम कमी व बेरियम अधिक असते. त्यामुळे हा गट वेगळा ओळखता आला. रोमनांकडे पाहण्याच्या नादात आफ्रिकेकडे जाणारा हा मार्ग आपण जवळजवळ विसरलोच होतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मणी चौलला मिळाले म्हणून काच चौललाच वितळली, असे म्हणता येत नाही. युरोपातील केल्टिक कंकणांचे उदाहरण बोलके आहे. ती स्थानिक कारागिरांनी घडविली, पण विश्लेषणात त्यांची कच्ची काच पूर्व भूमध्य प्रदेशातील ठरली. रसायनशास्त्र भट्टीचा प्रदेश सुचविते, कारागिराचा नव्हे. चौलभोवती बेसॉल्ट आहे आणि बेसॉल्टच्या वाळूत युरेनियम अल्पच असते. म्हणजे मूळ वाळू अन्यत्र ग्रॅनाइटी प्रदेशात शोधावी लागते.

सिंधुदुर्गाची भूरचना याहून निराळी. दख्खनचा बेसॉल्ट येथे विरळ होऊन दक्षिणेस जुने ग्रॅनाइटी व कलादगी खडक वर येतात. कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरातील सिलिका वाळू तर काचउद्योगाला परिचित आहे. पण ती शुद्ध असल्याने तिच्यापासून उच्च-ॲल्युमिना काच होणार नाही. शिवाय तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जमिनीवर खार साठत नाही. तो घाटावरून किंवा समुद्रमार्गे आणावा लागला असता. लोणार परिसरात काच व साबण यांचे साहित्य मिळते, असा उल्लेख ‘आईन-इ-अकबरी’त आहे. परंतु तेवढ्यावरून लोणार व कोकण यांचा संबंध जोडणे घाईचे ठरेल. मालवणच्या घराघरांतील काळी पोत ज्या काचेची असते, ती काच या मातीत जन्मली असेल असे आजच्या पुराव्यावरून वाटत नाही.

म्हणून 1664 मध्ये बांधकाम सुरू झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, किंवा मालवण-वेंगुर्ला किनाऱ्यावर, बांगडीचा एखादा तुकडा मिळाल्यास त्याची जागा व थर नोंदविणे सर्वप्रथम आवश्यक आहे. लेसर-पद्धतीत तुकडा फोडावा लागत नाही, उरणारी खूण नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. स्थाननोंद नसेल तर मात्र उत्तम विश्लेषणानंतरही तो तुकडा केवळ एक सुंदर काच एवढाच राहतो.