नीरेचे पाणी आणि निचऱ्याचा धडा

राजे आले आणि गेले, त्यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. गावाच्या तापाचा, त्याच्या पाण्याचा आणि डबक्यांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही. खरे तर माणसाच्या आयुष्यावर लढायांपेक्षा त्याचाच परिणाम अधिक होतो.

इंदापूर तालुक्यातले निरवांगी हे नीराकाठचे गाव. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पट्टा पूर्वापार दुष्काळी. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनची माणसे उपासमारीने आणि पटकीने मेली. त्या काळात दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याचे खोदकाम हाती घेण्यात आले आणि १८८५ च्या सुमारास पुरंदर, बारामती, इंदापूरच्या दिशेने पाणी वाहू लागले. जिथे ज्वारीचीही खात्री नव्हती तिथे ऊस उभा राहिला. ही बरकत खरी होती. ती नाकारण्याचे कारण नाही.

पण पाणी आणताना ते कुठून जाईल याचा विचार मागे राहिला. काळ्या जमिनीत मुरलेले पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि मागे क्षार ठेवते. जमीन चोपण होते. पुणे कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी आपले सहकारी ताम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर १९१० मध्ये अहवाल लिहिला. कालवा वाहू लागल्याला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती.

जमिनीला जे झाले, तेच माणसांच्या वस्तीला होऊ शकते. पाझराचे पाणी, चाऱ्यांतली साठलेली डबकी आणि वापरात नसलेल्या विहिरी ही हिवतापाचा डास वाढण्याची ठिकाणे. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो १८९७ साली. मग कालवा खोदणाऱ्यांना दोष का द्यायचा, असे कोणी विचारील.

उत्तर जुन्या कागदांत आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने यमुनेतून काढलेला कालवा इंग्रजांनी दुरुस्त करून पुन्हा वाहता केला. त्याच्या काठच्या गावांत ताप वाढल्याची ओरड झाली, म्हणून बेकर, डेम्पस्टर आणि यूल यांची समिती नेमली गेली. शल्यचिकित्सक डेम्पस्टर यांनी गावोगाव माणसांच्या वाढलेल्या पाणथरी तपासल्या. तापाचे मोजमाप करण्याची ही रीत पुढे जगभर रूढ झाली. १८४७ च्या त्यांच्या अहवालाचा रोख स्पष्ट होता. नुसत्या पाण्याने ताप वाढत नाही. जिथे जमीन चिकट आहे आणि कालव्याने नैसर्गिक निचरा अडवला आहे, तिथे तो वाढतो. डास कोणाला ठाऊक नव्हता, पण उपाय ठाऊक होता. त्याहूनही आधी, चौदाव्या शतकातच, इब्न खल्दून यांनी ‘मुकद्दिमा’त शहर वसवताना साठलेल्या पाण्याची आणि दलदलीची शेजारीण टाळावी असे बजावले होते आणि ट्युनिसियातील काबिस या तापट शहराचा दाखला दिला होता. कारण त्यांनी दूषित हवा हेच मानले. निरीक्षण मात्र अचूक होते.

म्हणजे नीरेचा कालवा आखला गेला तेव्हा हा इल्म तीस वर्षे सरकारदफ्तरी पडून होता. कालव्याचा हिशोब महसुलात होत असे आणि निचऱ्यातून महसूल मिळत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ आणली. पाणी मोजून, अधिक गावांत विभागून द्यायचे आणि उसाला फेरपालटाने थोडेच क्षेत्र ठेवायचे, म्हणजे एकाच जागी पाणी मुरून जमीन आणि वस्ती बिघडणार नाही. पाण्याची शिस्त हीच आरोग्याची शिस्त, हे त्यामागचे सूत्र.

पुढे डीडीटी आली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि देशातले कोट्यवधी रुग्ण साठच्या दशकात सुमारे लाखावर आले. औषधाने प्रश्न मिटला असे वाटले आणि डबक्यांकडे पुन्हा दुर्लक्ष झाले. डास औषधाला निर्ढावले, फवारणी ढिली पडली आणि १९७६ मध्ये देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले.

या इतिहासात एक अन्याय आहे, तो आपल्या समाजाने विशेष ओळखावा. कालव्याचे पाणी ज्याच्या नावावर सातबारा त्याला मिळाले. खेड्यातली मुलाणी, आतार, शिकलगार यांची अनेक घरे भूमिहीन. ऊसतोड मजुरांच्या कोप्या तर चारीच्याच कडेला. त्यांच्या वाट्याला कालव्याचा नफा थोडा आला, पण डासाने कोणाचा सातबारा पाहिला नाही. रोजंदारीवरचा माणूस आठ दिवस अंथरुणाला खिळला की घराची चूल विझते.

आता हिवताप ओसरला असला तरी डेंग्यू, चिकुनगुन्या घराघरांत शिरले आहेत. त्यांचा डास शेतात नव्हे, झाकण नसलेल्या पिंपात आणि फेकलेल्या टायरमध्ये वाढतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करणे, सांडपाण्याला शोषखड्डा घेणे, ग्रामसभेत नळाइतकाच आग्रह गटाराचा धरणे, ही कामे दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्याआधीची आहेत. मशिदीच्या वजूखान्याचे पाणी कुठे जाते, हेही एकदा पाहिले पाहिजे. पाणी मागणारे आपण सगळेच आहोत; त्याची वाट करून देणारे फार थोडे. नीरा खोऱ्याचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळचा अनुभव हेच सांगतो.