ज्योतिष : एक शब्द आणि त्याचे दोन इंग्रजी अर्थ



शाळेत असताना 'उज्जयिनी हे ज्योतिषाचे पीठ होते' या वाक्याचे इंग्रजी करताना मी 'अ‍ॅस्ट्रॉलॉजी' हा शब्द योजला होता. गुरुजींनी तो लाल शाईने खोडून वर 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी' लिहिले. सवाई जयसिंहाने बांधलेली आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांनी जीर्णोद्धार केलेली वेधशाळा ज्या गावात आहे, तेथील मुलाने अशी चूक करावी याचा त्यांना खेद झाला. पुढे इतिहास वाचताना मात्र आम्ही दोघेही अर्धेच बरोबर होतो असे मला वाटू लागले.

ग्रहताऱ्यांची गती मोजणे म्हणजे 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी' आणि त्यांवरून माणसाचे भवितव्य वर्तविणे म्हणजे 'अ‍ॅस्ट्रॉलॉजी', ही काटेकोर वाटणी युरोपातही फार प्राचीन नाही. मध्ययुगात हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येत. ग्रहगतीचे नियम शोधणाऱ्या केप्लरनेही पत्रिका मांडल्या होत्या. आपल्याकडे सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने या शास्त्राचे गणित, होरा आणि संहिता असे तीन स्कंध सांगितले. 'पंचसिद्धांतिका' त्याची आणि 'बृहज्जातक'ही त्याचेच. भेद त्याला पुरता ठाऊक होता. शास्त्र मात्र एकच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हंटर या स्कॉटिश गृहस्थास उज्जयिनीत एक पंडित भेटला. त्याचा आजा जयसिंहाचा सहकारी, 'ज्योतिषराय' हा किताब मिळवलेला. हंटरने त्याचे इंग्रजी 'अ‍ॅस्ट्रॉनॉमर रॉयल' असे केले. हे तर ग्रीनिचच्या वेधशाळाप्रमुखाचे बिरुद! एका शब्दात पंडिताचे घराणे थेट ग्रीनिचच्या पंक्तीला बसले.

असाच प्रसंग पुढे आपल्याच एका ग्रंथावर आला. आयुष्यभर शिक्षकी केलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा मराठी ग्रंथ १८९६ साली निघाला. त्याचे इंग्रजी भाषांतर उज्जैनच्या जिवाजी वेधशाळेचे माजी अधीक्षक रा. वि. वैद्य यांनी केले. भारत सरकारने त्याचे दोन भाग १९६९ आणि १९८१ साली छापले. शीर्षकात 'ज्योतिषा'साठी त्यांनी 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी' हाच शब्द स्वीकारला. ही निवड मला योग्य वाटते, कारण दीक्षितांचा मुख्य भर गणितावर आहे. शिवाय भित्तियंत्रावर मध्यान्हीच्या सूर्याची उंची आजही कोणालाही ताडून पाहता येते. पत्रिकेतील भाकितास तशी कसोटी नाही. तथापि दीक्षितांनी संहिता आणि जातक हे स्कंध वगळले नव्हते. इतिहासकाराला ते वगळता येतही नाहीत. त्या इंग्रजी शीर्षकाखाली जातकस्कंधाचे प्रकरणही आहेच. गुरुजी आज असते तर ते पान मी त्यांना उघडून दाखवले असते.