सीनेटर येट्स : आयरिश स्वतंत्र राज्याच्या वरिष्ठ गृहातील कार्य (१९२२–१९२८)

विल्यम बटलर येट्स मराठी वाचकाला परिचित आहे तो मुख्यतः कवी म्हणून. रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'च्या १९१२ च्या इंग्रजी आवृत्तीस त्याने लिहिलेली प्रस्तावना आणि वऱ्हाडातील श्री पुरोहित स्वामी यांच्या सहकार्याने त्याने सिद्ध केलेले दहा प्रमुख उपनिषदांचे भाषांतर (१९३७) यांमुळे आपल्याकडील अभ्यासकांना तो काहीसा आप्तही वाटतो. परंतु हाच येट्स १९२२ ते १९२८ अशी सहा वर्षे आयरिश स्वतंत्र राज्याच्या सीनेटचा सभासद होता, आणि तेथे त्याने शिक्षण, भाषा, कलासंग्रह, चित्रपट-नियंत्रण, ग्रंथस्वामित्व, चलन व घटस्फोट अशा विविध विषयांवर भाषणे केली, ही गोष्ट बहुधा चरित्रातील एक टीप म्हणूनच उल्लेखिली जाते. ज्याला मतदारसंघ नाही, ज्याच्यामागे पक्ष नाही, अशा नामनियुक्त सभासदाच्या शब्दाला विधिमंडळात वजन येते ते कशामुळे, हा प्रश्न या भाषणांच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या गृहाची घडण लक्षात घ्यावयास हवी. डिसेंबर १९२१ च्या करारानंतर निर्माण झालेल्या नव्या राज्यात प्रॉटेस्टंट व पूर्वीचे ब्रिटननिष्ठ लोक अल्पसंख्य ठरले होते. त्यांना नव्या व्यवस्थेत स्थान मिळेल असे आश्वासन देणे आवश्यक होते. म्हणून साठ सभासदांच्या पहिल्या सीनेटपैकी तीस सभासद कनिष्ठ गृहाने, म्हणजे डॉइलने, निवडले व उरलेले तीस सभासद कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष विल्यम कॉस्ग्रेव्ह याने नेमले. ही नेमणूक करताना डॉइलमध्ये पुरेसे प्रतिनिधित्व न मिळालेल्या गटांकडे विशेष लक्ष द्यावयाचे होते. येट्स हा या नेमलेल्यांपैकी एक होय. तो जन्माने प्रॉटेस्टंट असला तरी आयरिश राष्ट्रवादाचा जुना पुरस्कर्ता होता. त्यामुळे दोन्ही बाजूंना समजू शकेल असा हा माणूस होता.

हे पद केवळ शोभेचे नव्हते. कराराचा पक्ष व करारविरोधी पक्ष यांच्यात यादवी युद्ध पेटलेले होते आणि सीनेटर हे करारविरोधकांचे लक्ष्य ठरले होते. डिसेंबर १९२२ मध्ये येट्सच्या मेरिअन स्क्वेअरमधील घरावर गोळ्या झाडण्यात आल्या. जानेवारी १९२३ मध्ये सर होरेस प्लंकेट याचे किल्टेराग येथील निवासस्थान जाळण्यात आले. त्याच महिन्यात ऑलिव्हर गोगार्टी या सीनेटरला पळवून नेण्यात आले व त्याने लिफी नदीत उडी टाकून प्राण वाचविले. अशा परिस्थितीत सभागृहात बसणे हीच नव्या राज्याच्या वैधतेची ग्वाही होती.

आरंभीच्या भाषणांत येट्स आपल्या अधिकारक्षेत्रात राहून बोलताना दिसतो. १९२३ मध्ये त्याने सर ह्यू लेन याच्या चित्रसंग्रहाचा प्रश्न मांडला. लेन १९१५ मध्ये 'ल्युसिटेनिया' जहाजाबरोबर बुडाला. आपली ३९ चित्रे डब्लिनला मिळावीत असे त्याने मृत्युपत्राच्या पुरवणीत लिहिले होते; परंतु तीवर साक्षीदारांच्या सह्या नसल्यामुळे ती चित्रे लंडनच्या नॅशनल गॅलरीकडे राहिली. तो वाद पुढे १९५९ च्या समझोत्याने काहीसा मिटला. भाषेच्या प्रश्नावरही येट्सची भूमिका नमूद करण्यासारखी आहे. सभासदांना जी भाषा येत नाही तीत केवळ औपचारिकता म्हणून प्रार्थना म्हणावी, यास त्याने विरोध केला. त्याच वेळी जुन्या आयरिश हस्तलिखितांच्या संपादनासाठी व संशोधनासाठी शासनाने द्रव्यसाहाय्य करावे, असा आग्रह त्याने धरला. भाषेवरील प्रेम समारंभात नव्हे, तर विद्याव्यासंगात दिसावे, असा त्याचा आशय होता. १९२८ मध्ये शासनाने आयरिश हस्तलिखित आयोग स्थापन केला.

त्याच्या सर्व भाषणांत सर्वाधिक गाजले ते ११ जून १९२५ चे घटस्फोटावरील भाषण. त्याची पार्श्वभूमी अशी : इंग्लंडमध्ये १८५७ पासून न्यायालयीन घटस्फोटाची सोय झाली; परंतु तो कायदा आयर्लंडला लागू नव्हता. आयरिश माणसाला घटस्फोट हवा असल्यास वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटकडून खासगी अधिनियम संमत करून घ्यावा लागे. हा मार्ग अर्थातच धनवंतांचा होता. स्वातंत्र्यानंतर अशी खासगी विधेयके नव्या विधिमंडळाकडे येऊ लागताच फेब्रुवारी १९२५ मध्ये डॉइलने ती दाखलच होऊ नयेत अशा आशयाचा ठराव केला. सीनेटचा अध्यक्ष लॉर्ड ग्लेनेव्ही याने तो ठराव नियमबाह्य ठरविला. त्यामुळे त्या वेळची अपेक्षित चर्चा टळली आणि येट्सने आपले न केलेले भाषण मार्चमध्ये 'आयरिश स्टेट्समन' या साप्ताहिकात छापले. जूनमध्ये जेम्स डग्लस या क्वेकर सीनेटरने कार्यपद्धतीचा मध्यम मार्ग सुचविला. त्याच्या चर्चेत येट्स अखेर बोलला.

त्या भाषणात वस्तुतः दोन भिन्न युक्तिवाद गुंतलेले आहेत, आणि ते वेगळे करून पाहिल्याशिवाय त्याचे मूल्यमापन करता येत नाही. पहिला युक्तिवाद नागरिकत्वाचा आहे. एका धर्मपंथाची शिकवण सर्व नागरिकांवर कायद्याने लादली, तर उत्तरेकडील प्रॉटेस्टंट बहुसंख्य प्रदेश या राज्यात कधीही स्वेच्छेने येणार नाही. म्हणजे देशाची फाळणी कायम होईल, असे त्याने बजावले. विवाह व धर्म यांविषयी मिल्टनसारख्या श्रद्धावान ख्रिस्ती माणसानेही निराळे मत मांडले होते, याचे त्याने स्मरण दिले. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर ज्यांचे पुतळे उभे आहेत त्या ओकॉनेल, पार्नेल व नेल्सन यांच्या खासगी आयुष्याकडे त्याने उपरोधाने बोट दाखविले. अध्यक्ष ग्लेनेव्ही स्वतः प्रॉटेस्टंट व जुना ब्रिटननिष्ठ. तरी मृतांना या वादात न ओढणे बरे, असे त्यानेच सुचविले.

दुसरा युक्तिवाद कुलाभिमानाचा आहे. भाषणाच्या अखेरीस येट्स आपल्या समाजाची थोरवी गाऊ लागतो. बर्क, ग्रॅटन, स्विफ्ट, एमेट व पार्नेल यांचा समाज क्षुद्र नव्हे. आधुनिक आयरिश वाङ्मयाचा बहुतांश व राजकीय बुद्धिमत्तेचा उत्कृष्ट भाग त्यानेच निर्माण केला, असा त्याचा दावा होता. हाच भाग पुढे संकलनांत व चरित्रांत वारंवार उद्धृत झाला. परंतु विधिमंडळातील युक्तिवाद म्हणून तो दुर्बल होता, असेच म्हणावे लागते. अल्पसंख्याकांचा हक्क त्यांच्या पूर्वजांच्या कर्तृत्वावर अवलंबून असेल, तर ज्या अल्पसंख्य समाजात एकही बर्क जन्मला नाही त्याने काय करावे? शिवाय खुद्द प्रॉटेस्टंट समाजातही घटस्फोटाविषयी एकमत नव्हते. म्हणजे वक्त्याने ज्यांच्या वतीने गर्जना केली ते सर्व त्याच्यामागे उभे नव्हते. नागरिक म्हणून मागितलेला हक्क त्याने वंशाचा वारसा म्हणून मागितला, आणि त्यामुळे ऐकणाऱ्या कॅथॉलिक सभासदांना विचार करण्याऐवजी दुखावले जाण्याचे निमित्त मिळाले.

याच्या उलट चित्र पुढील वर्षी दिसते. १९२६ च्या वसंत ऋतूत त्याने वॉटरफर्डच्या सेंट ऑटरन शाळेला भेट दिली. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणावर बोलताना शाळांच्या इमारतींची स्वच्छता, दुरुस्ती व मुलांचे आरोग्य यांवर त्याने भर दिला. मुलांना शाळेत येण्याची सक्ती करणाऱ्या राज्याने शाळा बसण्याजोगी ठेविली पाहिजे, हे त्याचे म्हणणे कोणत्याही पक्षाला नाकारता येण्याजोगे नव्हते. १९२६ च्या नाणेविषयक कायद्यानंतर नव्या नाण्यांच्या आकृती निवडण्यासाठी जी समिती नेमण्यात आली तिचा तो अध्यक्ष झाला. समितीने आयरिश व परदेशी शिल्पकारांना आमंत्रित केले आणि नमुन्यांवर कर्त्यांची नावे न ठेवता निवड केली. निवड झाली ती पर्सी मेटकॅफ या इंग्रज कलावंताची. बारा डिसेंबर १९२८ रोजी चलनात आलेल्या आठ नाण्यांवर एका बाजूस वीणा व दुसऱ्या बाजूस घोडा, साल्मन मासा, बैल, शिकारी कुत्रा, ससा, पिलांसह कोंबडी, पिलांसह डुकरीण व वुडकॉक पक्षी अशा आकृती होत्या. नाण्यांवर धार्मिक चिन्ह नाही म्हणून टीका झाली. तथापि नाणी टिकली. घोडा, मासा, बैल व वुडकॉक या आकृती दशमान चलनातही वापरल्या गेल्या आणि २००२ मध्ये युरो येईपर्यंत आयरिश माणसाच्या खिशात राहिल्या. कोणत्याही एका पंथाचे नव्हे, तर सर्वांच्या भूमीचे चिन्ह राष्ट्राला देणे, हे जे १९२५ च्या भाषणाला साधले नाही ते समितीच्या खोलीत साधले.

सप्टेंबर १९२८ मध्ये येट्सची मुदत संपली. प्रकाशन-नियंत्रणाचे विधेयक त्या वेळी विधिमंडळापुढे आले होते. त्याविरुद्ध त्याला सभागृहातून नव्हे तर नियतकालिकांतून लिहावे लागले, आणि १९२९ मध्ये ते कायद्यात परिणत झाले. पुढे एझ्रा पाउंड याला उद्देशून लिहिताना त्याने सीनेटवर निवडून न जाण्याचा सल्ला दिला. मुरलेल्या वकिलांशी, पेढीवाल्यांशी व व्यापाऱ्यांशी कवीची बरोबरी होऊ शकत नाही, असा त्याचा अनुभव होता. हा निष्कर्ष मात्र त्याच्याच कार्याने अंशतः खोटा पाडला आहे.

घटस्फोटाच्या प्रश्नाचा पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १९३७ च्या राज्यघटनेने घटस्फोटाला बंदी केली. १९८६ मधील लोकमतात बंदी उठविण्याची सूचना फेटाळली गेली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये अवघ्या ९,११४ मतांच्या फरकाने ती स्वीकारली गेली. ती येट्सच्या भाषणामुळे स्वीकारली गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याचा पहिला युक्तिवाद, म्हणजे राज्याचा कायदा व पंथाची आज्ञा यांतील भेद, मध्यंतरीच्या सत्तर वर्षांत इतरांना पुन्हा नव्याने व अधिक साध्या शब्दांत मांडावा लागला, एवढे निश्चित.

आपल्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. आपली राज्यघटना तयार होत असताना बेनेगल नरसिंह राव यांनी १९४७ मध्ये डब्लिनला भेट देऊन आयरिश घटनेविषयी चर्चा केली होती, आणि आपल्या घटनेच्या ८० व्या कलमाने राज्यसभेवर वाङ्मय, शास्त्र, कला व समाजसेवा या क्षेत्रांतील बारा व्यक्ती नेमण्याची तरतूद केली. महामहोपाध्याय पां. वा. काणे व मामा वरेरकर हे या तरतुदीनुसारच राज्यसभेत गेले. अशा सभासदांच्या कार्याचे संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने येट्सच्या उदाहरणावरून एवढे ध्यानात ठेवावे, की उद्धृतांच्या संग्रहात सापडणारे तेजस्वी वाक्य हे भाषणाचे मर्म असतेच असे नाही. ते वाक्य कोणत्या ठरावावर, कोणत्या अडथळ्यानंतर व कोणासमोर उच्चारले गेले, हे कामकाजाच्या वृत्तांतातूनच कळते. आणि सभासदाचे खरे योगदान पुष्कळदा त्या वाक्यात नसून समितीच्या अहवालात असते.