पॅकेट व्हॉइस : क्रमांकांची वही एकाच ठिकाणी

संगणकांच्या जाळ्यावरून आवाज नेण्याच्या तंत्राला ‘पॅकेट व्हॉइस’ म्हणतात. आवाजाचे अंकांत रूपांतर करून त्याचे साधारणतः २० मिलिसेकंदांचे तुकडे केले जातात. म्हणजे प्रत्येक बाजूकडून सेकंदाला ५० पॅकेट्स रवाना होतात. हे तंत्र आता रुळले आहे. डोकेदुखी ठरली ती त्याची मांडणी.

प्रारंभी प्रत्येक कार्यालयाच्या गेटवेमध्ये, म्हणजे टेलिफोन व संगणकजाळे जोडणाऱ्या यंत्रात, इतर सर्व कार्यालयांचे क्रमांक व पत्ते हाताने भरावे लागत. कार्यालये ५० असल्यास नोंदी २,४५०! एका शाखेचा पत्ता बदलला की ४९ ठिकाणी दुरुस्ती. एखादी राहून गेली की तो दोष शोधताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ येत.

उपाय साधा होता : क्रमांकांची वही एकाच ठिकाणी ठेवणे. १९९६च्या एच.३२३ या मानकातील ‘गेटकीपर’ आणि १९९९मध्ये आलेल्या, २००२मध्ये सुधारलेल्या एसआयपीतील ‘रजिस्ट्रार’ हेच काम करतात. फोन सुरू होताच आपली नोंद स्वतः करतो. डीएचसीपीकडून त्याला पत्ता मिळतो आणि उरलेली मांडणी तो सर्व्हरवरून उतरवून घेतो. अर्थात, हा सर्व्हर बंद पडला तर सारेच मुके होतात. म्हणून राखीव सर्व्हर आणि शाखेत निदान एक स्थानिक लाइन हवीच.

मांडणीतील एक नियम जिवावर बेतू शकतो. डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील मार्शल येथे एका मॉटेलात कारी हंट यांची हत्या झाली. हल्ला सुरू असताना त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा क्रमांक वारंवार फिरवला. बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागतो, हे तिला ठाऊक नव्हते. त्यातून २०१८मध्ये ‘कारीज लॉ’ झाला. १६ फेब्रुवारी २०२०पासून तेथे नव्या बहुलाइन यंत्रणेत ९११ थेट लागणे बंधनकारक आहे.

पॅकेट फोनचा पेच याहून पुढचा आहे. फोन उचलून दुसऱ्या मजल्यावर नेला तरी क्रमांक तोच राहतो. पण मदत पथकाकडे जाणारा पत्ता आपोआप बदलेलच असे नाही. त्यासाठी भिंतीतील कोणते सॉकेट कोणत्या खोलीत आहे, याची नोंद कोणीतरी नेमाने ठेवावीच लागते.